सकाळच्या आठची गोळी

आप्पा,

सकाळच्या गोळ्या तुम्ही नेमानं घेतल्या असत्या, तर आईची किडनी तुमच्या अंगात टिकली असती का? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. दोन महिने झाले, मी तो सगळ्या बाजूंनी तपासून पाहते आहे. जेवढं शिकले तेवढं सगळं लावून पाहिलं, आणि शेवटी हाती एकच शब्द उरतो, 'बहुतेक'. बहुतेक टिकली असती. तुम्हाला मात्र या उत्तराचा निम्मा भाग ठाऊक होता. गोळ्या पोटात गेल्या की नाहीत हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? ते तुम्ही आईला सांगितलं नाहीत. मलाही नाही, आणि मी तर त्या गोळ्या रोज स्वतःच्या हातानं डबीत भरत होते.

ती डबी तुम्हाला आठवत असेल. पितळेची, झाकणाला फिरकी असलेली. मुळात ती दुकानातली, सोन्याचा कीस ठेवायची. आईनं चिंच लावून घासली, उकळत्या पाण्यातून काढली आणि माझ्या हातात दिली. मी तेव्हा आठवीत. सकाळचे सात वाजले आहेत, सौकारपेटेतल्या आपल्या दीड खोलीत आई ओट्याशी उभी राहून तुमच्यासाठी भाकरी थापते आहे. पोटावरचे टाके अजून ओढतात म्हणून ती एका बाजूला कलून उभी आहे. किडनी दिल्याला तिला चौथाच महिना आहे. मी पाकिटातून दोन कॅप्सूल काढते, डबीत टाकते, फिरकी घट्ट करते आणि तुमच्या खिशात सरकवते. 'आठ म्हणजे आठ हं आप्पा,' मी म्हणते. तुम्ही म्हणता, 'होय डॉक्टरीणबाई.' शेजारच्या तमिळ मामी दारातून ऐकत असतात. मी 'आप्पा' म्हणते म्हणून ही पोरगी बापाला तरी आमच्या भाषेत हाक मारते, असं त्यांना वाटायचं. संध्याकाळी डबी रिकामी परत यायची. मी ती उघडून बघायचे आणि मला केवढं समाधान व्हायचं. आपण आप्पांना जिवंत ठेवतो आहोत, असं खरोखर वाटायचं मला.

तुमचं काम गलाईचं. जुने दागिने वितळवायचे, त्यातलं शुद्ध सोनं काढून द्यायचं, आणि कुणी सोनं तपासायला आणलं तर त्याचा कस सांगायचा. आपल्या तालुक्यातले किती जण असे दक्षिणेत येऊन भट्टीपुढे बसले, तसे तुम्हीही सोळाव्या वर्षी आलात. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी भट्टीचा धूर आणि तेजाबाची वाफ बंद केली. मग भट्टीपाशी काका बसायला लागले, तुमचे चुलतभाऊ आणि दुकानातले भागीदार, आणि तुम्ही पुढच्या गादीवर, कसोटीचा काळा दगड घेऊन. दागिना दगडावर घासायचा, रेघ उमटवायची, वर तेजाबाचा थेंब सोडायचा, आणि रेघेकडे बघून बोलायचं. सगळं बोटांवर. आणि त्याच महिन्यांत तुमची बोटं थरथरायला लागली होती. गोळीचा तो त्रास असतोच, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं; आता मी ते पुस्तकात वाचलं आहे. गोळी घेतली की दोन-तीन तासांनी हात जास्त हलतो. म्हणजे बरोबर दुकान भरायच्या वेळेला.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली म्हणून मी दुकानात आले होते. एक म्हातारा आसारी, म्हणजे इथला सोनार, बांगडी घेऊन बसलेला होता. तुमचा वर्षानुवर्षांचा माणूस. तुम्ही बांगडी घासलीत. रेघ मुंगीच्या वाटेसारखी वाकडी आली. तुम्ही पुन्हा घासलीत, ती आणखी वाकडी. आसारी हसून म्हणाला, 'काय सेटू, दगडावर कोलम काढताय की काय?' दारापुढं पिठाची रांगोळी काढतात तसं. दुकानात सगळे हसले. काका हसले, तुम्हीही हसलात. मग आसारीनं बांगडी धोतराच्या कनवटीला लावली, म्हणाला, 'उद्या येतो,' आणि समोरच्या दुकानाची पायरी चढला. तुम्ही ते बघत होतात. मी तुम्हाला बघत होते. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे काही होतं त्याला मी दुखणं समजले. म्हणून तुम्हाला विचारलं, 'आप्पा, पोटात दुखतंय का?'

काही महिन्यांनी तुमचा हात स्थिरावला. 'शरीराला सवय झाली,' तुम्ही घरी सांगितलंत. आईनं त्या दिवशी पुरण घातलं. देवापुढं नैवेद्य ठेवून ती म्हणाली, 'माझी किडनी रुळली बरं का त्यांच्या अंगात.' तुम्ही पोळीवर तूप वाढून घेतलंत. आप्पा, ते जेवण मी विसरू शकत नाही. तुम्ही दोन पोळ्या खाल्ल्यात.

आणि नववीतली ती गोष्ट. जादा तास आहे असं सांगून मी मैत्रिणींबरोबर मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले होते. बुटातल्या वाळूनं मला पकडून दिलं. तुम्ही ओरडला नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात नेलंत, एक अंगठी हातात दिलीत आणि म्हणालात, 'घास.' मी हलकेच घासली, रेघ पिवळीधमक. 'सोनं आहे,' मी म्हणाले. 'आता जोर लावून घास. त्याच जागी, पाच-सहा वेळा.' मग तेजाबाचा थेंब पडला आणि रेघेवर हिरवट फेस आला. आत पितळ होतं. 'वरवर घासलं की सगळंच सोनं दिसतं,' तुम्ही म्हणालात. 'मुलामा वरच्या थराला फसवतो, खालच्याला नाही. तू खोटं बोललीस त्याचं मला एवढं वाटत नाही. पण तपासणारा माणूस खोटं बोलायला लागला, की बाजार उठला म्हणून समज. आपण तपासणारी माणसं.' मी रडले. मनापासून रडले. दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा तुम्ही मला तळहाताएवढा कसोटीचा दगड दिलात. इतर मुलींना घड्याळं मिळाली होती. मला माझ्या दगडाचा अभिमान होता. तो अजून माझ्या टेबलावर आहे. हे लिहिताना कागद उडू नये म्हणून वहीवर तोच ठेवला आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. नंतर बीएस्सी झाले, एमएस्सी झाले. आपल्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आता मी त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते जिथं दर महिन्याला तुमची फाइल छातीशी धरून मी बाकावर बसायचे. आमच्या प्रमुख मॅडम तमिळ आहेत, साठीला आलेल्या, बोलताना प्रत्येक वाक्याला 'मा' लावणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला आमचं काम असं समजावलं: 'आपण एका विषाणूची मोजदाद करतो मा. टॉर्क टेनो त्याचं नाव. तुझ्या रक्तात असेल, माझ्या रक्तात असेल, जवळजवळ सगळ्यांच्या असतो आणि आजार काहीच करत नाही. घरातल्या पालीसारखा. घरातली माणसं जागी असली की पाल कुठंतरी फळीमागे. माणसं झोपली की भिंतभर पाली. आता पाली मोजून मला सांग, घर जागं आहे की झोपलंय.'

किडनी बदललेल्या माणसाचं घर म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती. गोळ्यांनी तिला मुद्दाम अर्धवट झोपवून ठेवायचं असतं. फार झोपली तर साधा जंतूही घात करतो. टक्क जागी झाली तर परक्या किडनीवर तुटून पडते. गोळी पुरेशी आहे का हे बघायला डॉक्टर रक्तातली गोळीची पातळी मोजतात, तुमचीही दर महिन्याला मोजायचे. पण ती पातळी फक्त गेल्या दोन-चार दिवसांचं बोलते. हा निरुपद्रवी विषाणू कित्येक आठवड्यांचं, महिन्यांचं बोलतो. त्याला घाईघाईनं चार दिवसांत वाढवता येत नाही. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा तुमचीच आठवण झाली, आणि ती अभिमानानं झाली. वाटलं, आप्पांना सांगायला हवं होतं. ही तर खोल घासायची कसोटी आहे.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही फ्रीझरमधले जुने नमुने काढले. पूर्वी तपासणीला येणाऱ्यांच्या परवानगीनं थोडं थोडं सीरम जपून ठेवलेलं होतं. ज्यांची किडनी शरीरानं नाकारली, त्यांचा विषाणू आधीच काही महिने घसरला होता का, हे मागे जाऊन बघायचं होतं. जुनी नोंदवही आणि परवानगीचे कागद घेऊन प्रत्येक नळीला नवा क्रमांक द्यायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे पुढे कुणाची नळी कुणाची हे कुणालाच कळू नये. सगळे कागद तमिळमध्ये सही केलेले, कुठे अंगठे, आणि मध्येच एक सही देवनागरीत. मला हॉस्पिटलचा क्रमांक वाचायचीही गरज नव्हती, तरी वाचला. तुमच्या फाइलवर मीच तो स्केचपेननं ठळक केला होता.

तुमच्या दोन सह्या होत्या. पहिली ऑपरेशननंतरच्या महिन्यातली, प्रत्येक अक्षराला कापरं भरलेलं. दुसरी दीड-पावणेदोन वर्षांनी परवानगी पुन्हा घेतली तेव्हाची. सुरेख, सरळ, दुकानाच्या पाटीवर रंगवावी तशी. मी बघतच राहिले. गोळी पुढे पुढे कमी करतात, हाताचा त्रास कमी होतोही. मी स्वतःला तसंच समजावलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्या क्षणी मी उठून मॅडमना सांगायला हवं होतं की हा माझ्या वडिलांचा नमुना आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. मी तसं केलं नाही. तुमच्या नळ्यांना नवे क्रमांक दिले आणि ते लक्षात ठेवले. बस, एवढंच. पण आमच्या कामात एवढंच पुष्कळ होतं. आणि इतर नळ्यांबरोबर तुमच्याही यंत्रात लावल्या.

पहिल्या सहा महिन्यांत विषाणू वर चढलेला, जसा असायला हवा तसा. मग उतरायला लागला. दुसऱ्या वर्षी आणखी खाली. शेवटच्या काही नळ्यांत जेमतेम, आणि एका नळीत तर यंत्राला तो सापडलाच नाही. घर टक्क जागं होतं, आप्पा. आणि जुन्या नोंदवहीत, त्याच तारखांसमोर, डॉक्टरांच्या अक्षरात गोळीची पातळी: ठीक, ठीक, ठीक. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. चार दिवस सोन्याचे आणि बाकीचा महिना पितळेचा.

तरीही मी तुमच्या बाजूनं उभी राहायला बघत होते. म्हणून रविवारी दुपारी काकांकडे गेले. दुकान तेच आहे, भट्टी आता गॅसवर चालते. काका थकले आहेत, पुढचे दोन दात गेलेत. मी सरळ विचारलं, 'काका, आप्पा सकाळची गोळी घ्यायचे का?'

'कापी घेणार का च्या?'

'काका.'

'एवढ्या वर्सांनी कशाला उकरतीस पोरी?' ते सांडशी पुसत बसले. पुसून झालेली पुन्हा पुसली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, 'मुशीत टाकायचा. माल वितळायला ठेवला की वरनं टाकायचा. एक भपकारा यायचा, झालं.'

'रोज?'

'तपासणीच्या आधी चार दिस इमानदारीनं खायचा. त्या दिसांत गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, आज अंगात कणकण हाय, दगडावर ह्यो बसंल. मी घासायचो. संध्याकाळची तुझ्या आईम्होरं घ्यावीच लागायची. म्हणायचा, अर्धी तर खातोय की, अर्ध्यानं काय हुतंय!'

'तुम्ही सांगितलं का नाही?'

'कुलदैवताची आण घातली हुती मला. आन त्यो म्हणायचा, हात गेला तर मी गेलोच की. मग किडनी घिऊन काय पूजा करू तिची?'

'आणि गावात सगळे आईच्या किडनीलाच दोष देत होते तेव्हा?'

काकांनी सांडशी खाली ठेवली. 'तवा त्यो मेला हुता गं. मेलेल्या माणसाला उघडं कसं पाडायचं?'

'आई जिवंत होती, काका,' मी म्हणाले. चहा न घेता मी पायऱ्या उतरले. समोरच्या दुकानाचीही पाटी बदलली आहे.

हात गेला तर मी गेलो, हे मला समजतं. खरंच समजतं. आसारीचं हसणं मी ऐकलं होतं. तेवढंच असतं तर मी तुमच्यावर रागावले असते, रडले असते आणि माफ केलं असतं. पण मला राहून राहून ती हॉस्पिटलातली दुपार आठवते. किडनी बंद पडली आहे, तुम्ही पुन्हा डायलिसिसवर आहात, तोंड सुजलं आहे. डॉक्टर नुकतेच सांगून गेलेत की शरीरानं किडनी नाकारली, कधीकधी सगळं नीट असूनही असं होतं. आई तुमच्या पायथ्याशी बसली आहे. ती पदर तोंडाला लावून म्हणते, 'माझ्याच जिनसीत खोट निघाली. मीच तुम्हाला कच्ची वस्तू दिली.' मी खिडकीपाशी उभी आहे. तुम्ही तिच्याकडं बघता. तुमचा हात चादरीवर आहे, अगदी स्थिर. आणि तुम्ही म्हणता, 'नशीब म्हणायचं. तुझा तरी काय इलाज.' मग भिंतीकडं तोंड करता.

'तुझा तरी काय इलाज.' म्हणजे खोट तिचीच, फक्त तिचा इलाज नव्हता. मला तेव्हा वाटलं केवढा मोठा माणूस, बायकोला एका शब्दानं दुखावत नाही.

दहाव्याला गावी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, 'माझ्या भावासारख्या सोन्याला पितळेचा डाग दिला, सांधा टिकंल कसा?' कुणी काही बोललं नाही. काकाही तिथंच बसले होते. आई त्यानंतर गावी गेली नाही. आम्ही याच शहरातल्या तिरुवल्लिकेणीला राहायला आलो. इथल्या मॅन्शनांमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींत, एकेका खोलीत तीन-तीन राहणारी आपल्याकडची पोरं असतात, कुणी संगणकावर, कुणी मोटारींच्या कारखान्यात. त्यांना आई पोळीभाजीचे डबे देते. सगळी तिला 'काकू' म्हणतात आणि भाकरीसाठी भांडतात. ती हसते, बोलते, तिचं सगळं ठीक आहे असं कुणालाही वाटेल. फक्त ज्यांनी किडनी दिली त्यांनी वर्षातून एकदा तपासणी करायची असते, तिनं ती कधीच केली नाही. मी दर वर्षी म्हणते, दर वर्षी ती म्हणते, 'एक कच्ची निघाली, उरलेली तरी कुठं धड असणार! न बघितलेली बरी.' माझी आई गेली अकरा वर्षं आपल्याच अंगात एक वाईट वस्तू घेऊन फिरते आहे अशा समजुतीनं जगली. हे तुम्ही केलंत. भट्टीत गोळ्या टाकल्यात हे एक वेळ हातासाठी. पण हे कशासाठी?

काकांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. सही, क्रमांक, लक्षात ठेवलेल्या नळ्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'हे मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस मा?' एवढंच विचारलं. मग फ्रीझरची किल्ली मागून घेतली आणि तुमच्या नळ्या अभ्यासातून काढून टाकल्या. मी दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्त लाज वाटली. 'एका माणसाच्या आकड्यांवर शपथ घ्यायची नसते, लक्षात ठेव. त्यानं गोळ्या टाकल्या, मान्य. पण टाकल्या नसत्या तर ती किडनी नक्की टिकली असती, असं तू म्हणू शकत नाहीस. नेमानं गोळ्या घेणाऱ्यांच्याही जातात. बहुतेक, एवढाच आपला शब्द मा. तो सोडलास की तू ज्योतिषी.'

मी मान डोलावली. मला ते पटलं होतं. आजही पटतं.

परवा दुपारी आई डब्यांसाठी कणीक तिंबत होती. मी तिच्यासमोर पाटावर बसले आणि सांगितलं. काही लपवलं नाही. डबी, भट्टी, चार दिवस, काकांना घातलेली आण. ती तिंबत राहिली. कणकेत हात तसेच रुतवून मग एकदम थांबली.

'म्हंजे माझी किडनी चांगली हुती?'

'हो.'

'पुरी चांगली?'

'पूर्ण चांगली होती, आई. टिकली असती.'

तिनं हात बाहेर काढले, बोटांची कणीक एकेक करून सोडवली. रडली नाही. मला वाटलं आता तुम्हाला काहीतरी बोलेल, आणि मला ते ऐकायचं होतं, खोटं का सांगू. पण ती म्हणाली, 'मला सांगायचं हुतं की. मी शेजारी बसून धरला असता हात.' मग हात धुऊन आली. 'वन्संला फोन लाव.' मी आत्याला फोन लावून दिला. आईनं तो दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला, दूरच्या माणसाशी बोलताना धरते तसा, आणि मोठ्यानं म्हणाली, 'वन्सं, मी बोलतीय. माझी किडनी चांगली हुती. पितळ न्हवती. तुमच्या भावानं गोळ्या जाळल्या. बाकीचं हिच्या काकांस्नी इचारा. ठेवते.' आणि खरंच ठेवला. मग पोळ्या लाटायला घेतल्या, कारण मॅन्शनची पोरं साडेसातला दारात येतात. लाटता लाटता तिनं विचारलं, 'तुझ्या हास्पिटलात ती तपासणी कुठल्या वारी असती?'

आज सकाळी मी तिला घेऊन गेले. आम्ही त्याच बाकावर बसलो. तिनं केसांत मोगरा माळला नव्हता, ते तुमच्यानंतर तिनं सोडलंच. पण इस्त्रीची साडी नेसली होती, आणि फाइल तिनं स्वतः धरली होती. उरलेली उत्तम आहे, आप्पा. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, गिऱ्हाइकाला खरा माल दाखवताना तुम्ही हलवायचात तशी.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. हे पत्र वहीतच राहील, दगडाखाली. मला तुमच्यापाशी एकच गोष्ट कबूल करायची होती. परवा मी आईला जे सांगितलं, त्यातून 'बहुतेक' हा शब्द मी काढून टाकला होता. तो मी तिला पुढेही कधी सांगणार नाही.